अंदाजे पस्तीस ग्रॅम

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात
वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसलो.
ट्रक आधी भरलेला, मग रिकामा,
मधला फरक म्हणजे माल.
बाकी कशासाठी मान वर केली नाही.

आता कोपरखैरण्याच्या बैठ्या घरामागे
सिडकोनं सोडलेली साडेपाच फूट जागा:
मोरी, मीटरपेटी, एक कढीपत्ता,
आणि टाकीच्या झाकणावर सकाळी सव्वासहाला
काळा-पांढरा, शेपूट उभी धरून, तो.

आधी तांदूळ ठेवले. पारवे आले.
ज्वारी ठेवली. पारवे मेव्हण्यांना घेऊन आले.
तो केबलच्या वायरीवरून बघत राहिला,
जसा मी बघायचो
पावती चुकवणाऱ्या नव्या पोराकडे.

दयाळ दाणे खात नाही, हे मला सांगितलं
केणींच्या ओवीनं. पाचवीत आहे.
"आजोबा, त्याला हलणारं लागतं."

मग एकदा कढीपत्त्याची माती भुसभुशीत करताना
खुरप्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर
तो उतरला. श्वास अडकला तो माझा.
त्यानं गांडूळ उचललं, दोनदा आपटलं,
गेला.
उपकार वगैरे काही नाही.

तेव्हापासून मी रोज उकरतो.
मुळं उघडी पडली, पानं पिवळी.
कुमुदिनी म्हणते, "फोडणीत आता पिसं घालू का?"

मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन. वाशीला अकरा दिवस.
खिडकीबाहेर एसीचे डबे, त्यांवर पुन्हा पारवे.
नर्सला विचारलं, इथे दयाळ येतो का?
म्हणाली, "डॉक्टर दयाळ ना? फक्त मंगळवारी."

घरी आलो. वाकायचं नाही, असं लिहून दिलंय.
मागच्या दारात खुर्ची, मांडीवर उगाचच खुरपं.
ओवी काडीनं उकरते.
तो तिच्याजवळही उतरतो, तेवढ्याच अंतरावर,
वीतभर.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग नुसता बघत बसलो.
वाकलेला असताना दिसलं नव्हतं:
डाव्या पंखात एक पांढरं पीस वाकडं आहे,
शीळ घालण्याआधी गळा फुगवून
तो जरासा थांबतो, शब्द आठवल्यासारखा,
आणि उडाला तरी
टाकीचं सैल झाकण वाजत नाही.

वजन असेल पस्तीस ग्रॅम. अंदाजे.
आमच्या काट्यावर एवढं
शून्यच धरायचे.