एकोणिसावा

छत्री मी उघडत नाही, नुसती उंच धरते :
पिवळी, मिटलेली, दांड्याला चिकटपट्टी.
तिच्यामागे अठरा माणसं.
चेहरे पाठ होत नाहीत, पायांवरून ओळखते.
पोलंडचा दंतवैद्य करकरीत नव्या बुटांत,
दुपारपर्यंत लंगडणार.
एक बाई सपाता घालून आलीये,
शेजारी विरजण मागायला निघाल्यासारखी.

तिबिलिसी म्हणजे ऊन शहर, मी सांगते.
उन्हाचं नव्हे, ऊन पाण्याचं.
राजाच्या ससाण्यानं पाखरू धरलं
आणि दोघं झऱ्यात पडून शिजली.
राजा म्हणाला, वसवा इथेच राजधानी.
सगळे हसतात.
मीही हसते, चार हजाराव्यांदा, अगदी वेळेवर.

गंधकाच्या हमामांपाशी कुणी नाकाला रुमाल लावतं.
लावू नका, म्हणते, पैसे या वासाचेच दिलेत तुम्ही.

मग लाकडी सज्जांचं आवार. हळू बोला, लोक राहतात.
वर सिसाना चादरी वाळत घालतेय.
चांगल्या पुढच्या दोरीवर, ठिगळांच्या मागे;
मंगळवार-शुक्रवार आमचे, हे तिला ठाऊक आहे.
अठरा फोन वर होतात.
ती एक चिमटा दातांत धरून
आमच्याकडे न बघण्याचं काम चोख करते.

बसमध्ये मोजते : एकोणीस.
पुन्हा मोजते. एकोणीस.
शेवटच्या बाकावर ओतिया,
मांडीवर बटाट्यांची पिशवी,
गळ्यात कुणीतरी टाकून दिलेला आमचाच बिल्ला.
गुडघे गेलेत त्याचे, चढ मात्र तोच राहिलाय.
गोचा आरशातून माझ्याकडे बघतो, गिअर टाकतो.
त्यानं काही पाहिलेलं नाही. मीही नाही.

टेकडीवर अल्युमिनियमची माता उभी :
एका हातात मद्याची वाटी, ती पाहुण्याला;
दुसऱ्यात तलवार, ती शत्रूला.
"आणि पर्यटकाला?" दंतवैद्य विचारतो, एक पाय उचलून धरत.
त्याला पाच मिनिटं, मी म्हणते. फोटोसाठी.

कोरड्या पुलावर बाजार :
पदकं, काटे नसलेली घड्याळं,
कुणाच्या तरी लग्नातले पाच पेले, सहावा नाही.
पुलाला हे नाव का, ते माझ्या कागदावर दीड ओळीत आहे.
ती म्हणून होते न होते तोच ओतिया मागून, आमच्या भाषेत :
"लामारा, सांग त्यांना, माझा बाप इथे पोहायला शिकला."

मी भाषांतर केलं नाही.
घड्याळ बघितलं.
मग केलं.

आणि अठरा माणसं कठड्याशी गेली,
फोन खिशात ठेवून
जिथे पाणी नाही तिथे वाकून बघत राहिली.
सपातावालीनं विचारलं, खोल होतं का?
ओतियानं हात छातीपर्यंत नेला,
मग जरा विचार करून
हनुवटीपर्यंत.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गोचानं बस थांबवली, थांबा नसताना.
उतरताना ओतियानं एक बटाटा माझ्या हातावर ठेवला :
"तिकिटाचे."

रात्री बक्षिशी मोजते :
पोलंडचं नाणं, कोरियाचं, एक कुठलंसं मध्ये भोक असलेलं.
आमची लिफ्ट वीस तेत्रीचं नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही,
आणि परदेशी तिला पचत नाही.
सात मजले.
पाचव्यावर जिन्याला एक खिडकी आहे, काच अर्धीच.
खाली नदी, हमामांचे घुमट, वर कुठेतरी ती वाटी,
आणि मधे इतके दिवे, की कुठला कोणाचा सांगता येऊ नये.
हे ठिकाण कुठल्याच सहलीत नाही.
छत्री भिंतीला टेकवली. बूट काढून हातात घेतले.
इथे पाच मिनिटं, मी मोठ्यानं म्हटलं.
खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.