बुधवारी सात ते नऊ

फॉर्मवर तीन चौकोन होते: कविता, कथा, स्वतःविषयी.
एकातच खूण करा, असं खाली लिहिलेलं.
मी पेन घेऊन इतका वेळ उभा राहिलो
की ग्रंथालयातली मुलगी म्हणाली, "आजोबा, चष्मा देऊ का?"
शेवटी तिनंच कुठेतरी खूण केली.
पुढे कळलं, खूण कुठेही केली तरी
खोली एकच, माणसं आठच.

बंदरावरच्या वजनकाट्यावर माझी एकतीस वर्षं गेली.
ट्रक भरलेला यायचा, मी आकडा लिहायचो.
रिकामा जायचा, पुन्हा आकडा.
वजाबाकीचे पैसे मालकाला.
बाकी उभ्या आयुष्यात काही लिहिलं नाही,
एक सांत्वनाचं पत्र सोडलं तर,
आणि तेही चुलतभावानं सांगितलेलं.

फ्राय बेन्तोसच्या जुन्या कस्टम कचेरीत, वरच्या मजल्यावर,
गॅसची शेगडी, भोपळ्याच्या पेल्यातून
हातोहात फिरणारा येर्बाचा कडू काढा,
आणि इर्मा बेन्तांकोर, जी शाळेत भूगोल शिकवायची.
यामांदू, वय एकोणीस, प्रत्येक कवितेत आत्मा.
इर्मा म्हणते, "आत्मा ठेव, पण त्याला बूट घाल."
मला म्हणाली, नमनालाच घडाभर तेल,
दीड पान झालं, ट्रक अजून काट्यावर चढला नाही.
सगळे हसले. मीही.
घरी येऊन दीड पान फाडलं.
तुकडे बरेच दिवस कोटाच्या खिशात होते.

सुल्मा खिडकीशी बसते. लिहिते नवऱ्याविषयी.
नवरा खाली गाडीत असतो,
दिवे लावून, रेडिओवर फुटबॉल ऐकत.
ती वाचते:
त्यानं मला न विचारता ट्रक विकला.
पुढच्या बंपरवर माझं नाव होतं, निळ्या रंगात, वेलबुट्टी काढून.
नावासकट विकला.
आता कुणी परका मला ब्राझीलच्या रस्त्यांवर
चिखल उडवत फिरवतोय.
खाली हॉर्न वाजतो. नऊ वाजलेले असतात.

जूनमधल्या एका बुधवारी नदीवरून असा वारा सुटला
की इर्मा स्वतः खाली गेली आणि त्याला वर घेऊन आली.
वॉशिंग्टन. आमच्याकडे माणसांना असली नावं ठेवतात.
टोपी मांडीवर, गुडघे जुळवून,
दवाखान्यात बसावं तसा.
आणि वाचायची पाळी सुल्माची.

तिनं कागद उलटा केला, सुलटा केला.
"एका गावात एक माणूस होता."
पुढे सगळं तेच. ट्रक तोच, निळा रंग तोच.
फक्त जिथे जिथे "माझा नवरा" होतं तिथे "तो माणूस",
आणि स्वतःला तिनं जागच्या जागी
एल्बा असं नाव देऊन टाकलं.
अडखळली एकदाच, बंपरपाशी.

कुणी बोलेना. शेगडी फुरफुरत होती.
मग वॉशिंग्टननं हात वर केला, शाळेत करतात तसा.
"गोष्टीत एक तपशील राहिलाय," तो म्हणाला.
"विकायच्या आदल्या रात्री त्या माणसानं
नाव खरवडायला घेतलं होतं. पत्र्याच्या पट्टीनं.
पहिल्या अक्षरापुढे हात चालला नाही.
म्हणजे तिकडे जे फिरतंय,
ते पूर्ण नाव नाही."

इर्मानं पेन्सिल खाली ठेवली.
सुल्मा खिडकीबाहेर बघत राहिली,
जिथे त्या दिवशी गाडीत कुणीच नव्हतं
आणि दिवे तसेच जळत होते.
यामांदूनं पेला पुढे केला.
वॉशिंग्टननं तो तळाशी आवाज येईपर्यंत ओढला.

मी तो ट्रक तोललेला आहे.
भरलेला कितीदा, ते वहीत असेल.
रिकामा: आठ हजार दोनशे चाळीस किलो.
सतरा वर्षं तोच आकडा, पाच-दहा इकडेतिकडे,
निळा रंग धरून.
हे त्या दिवशी बोललो नाही. घरी येऊन लिहिलं.

पुढच्या बुधवारी माझी पाळी. कागद एकच आहे.
सुल्मानं फोन करून विचारलंय,
तो वर येऊन बसला तर चालेल का.