बिल कोणाच्या नावे

नऊ वर्षं मी वेळ विकली,
पंधरा-पंधरा मिनिटांच्या वड्या पाडून.
गुरुग्रामच्या अठराव्या मजल्यावर
प्रत्येक वडीला एक कोड असायचा :
कोणता क्लायंट, कोणतं काम, काय दर.
तोंडावर पाणी मारून आलेली मिनिटंसुद्धा
कुणाच्या तरी खात्यावर घालावी लागत.

आता डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
व्हरांड्यातल्या बाकावर बसते.
मांडीवर तेहतिशीच्या बाईला न शोभणारं दप्तर,
आणि मोजते,
लोक किती वेळ थांबतात.
हा माझा प्रबंध. दुसरं सत्र. शंभर गुण.

बाबा साखळीत सगळ्यांना सांगतात,
पोरगी कलेक्टरची परीक्षा देते.
पब्लिक पॉलिसी म्हणजे काय
हे त्यांना मी दोनदा समजावलं,
दुसऱ्यांदा मलाच नीट जमलं नाही.
विद्यावेतनाचा आकडा ऐकला
तेव्हा फोन कट झाला असं वाटलं;
झाला नव्हता.

सव्वानऊ. रुक्मा मळीक आल्या.
हातात पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्या आत प्लास्टिकमध्ये
सासऱ्याच्या नावाची घरपट्टी.
घर यांचं, खालची जमीन भाटकाराची.
भाटकार लिस्बनला, मुखत्यार मडगावला,
कौलं फुटलीत ती मात्र इथंच.
दावा सासऱ्यानं लावला. सासरा गेला.
नवऱ्याचं नाव चढलं. नवरा गेला.
आता यांचं नाव चढवायला तारीख,
आणि साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर.

मी लिहिलं : आगमन सव्वानऊ. कारण, कोड चार.

एकदा रात्री न राहवून
माझ्या जुन्या दरानं त्यांचं बिल काढलं.
बावीस वर्षं, सत्तेचाळीस तारखा,
जाता-येता बस धरून.
आकडा त्या जमिनीच्या किमतीवर गेला.
मी खुशीत सरांकडे नेला.
फुर्तादो सरांनी चष्मा कपाळावर सरकवला :
हा तुझा दर झाला.
तिचा तिला विचारलास?

म्हणून आज विचारलं,
इथं आला नसता, तर काय केलं असतं?
त्या बराच वेळ समोरच्या नोटीस-बोर्डाकडे बघत राहिल्या.
मिरच्यांना पाणी घातलं असतं, म्हणाल्या.
मग हसल्या,
न्हिदलें आसतें गो. झोपले असते.

झोपेला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.
समासात लिहिलं, तिरकं.

मग त्यांची पाळी :
तुजी केस खंयची?
म्हटलं, माझी केस नाही.
मागीर हांगा कित्याक बसल्या?

अठराव्या मजल्यावर असला प्रश्न
कुणी फुकट विचारला नसता.
त्याचं उत्तर चाळीस स्लाइडांत दिलं असतं मी.
इथं नुसती पेनचं टोपण
लावत, काढत बसले.

बारा वाजून दहा. पिशवी माझ्याकडे देऊन
त्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहाला गेल्या.
तेवढ्यात आत पुकारा झाला :
मळीक! रुक्मा मळीक!
एकदा.
मार्गदर्शक सूचना क्रमांक तीन :
निरीक्षकानं कार्यवाहीत हस्तक्षेप करू नये.
दुसऱ्यांदा.

आहेत, आहेत, येताहेत!
मी ओरडले, आणि पिशवी छातीशी धरून
पायऱ्या उतरून पळाले;
एक चप्पल व्हरांड्यातच राहिली,
दप्तर बाकावर उघडं,
फॉर्म पंख्याखाली इकडेतिकडे.

आत दोन मिनिटांत आटोपलं.
कारकुनानं मान वर न करता सांगितलं :
पुढची तारीख, सोळा.

रुक्माबाईंनी ती तळहातावर
माझ्याच पेननं लिहून घेतली,
आणि म्हणाल्या, येतली मगो तूं?