अर्धा इंच डावीकडे

पुढच्या चकत्या शनिवारीच काढल्या,
तेव्हापासून पिकअप अंगणात उभी आहे
गुडघे टेकून पाणी पिणाऱ्या मेंढीसारखी,
नाक खाली, बूड वर.
शेजारची वर्ला जाता-येता हसते.
हसू दे. आज मागच्या चाकांना हात घालते.

पेयोने उंच केली होती ती.
चार इंचांचे ठोकळे, ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये.
कशाला रे, विचारलं, तर म्हणाला,
रस्ता आपल्या खालून जाताना दिसला पाहिजे.
मग त्याच रस्त्याने तो डकोटात गेला, तेलाच्या विहिरींवर,
उंची आमच्याकडे ठेवून.

नोव्हेंबरात बापाच्या खुब्यात नवा सांधा बसवला.
तेव्हापासून बेत्री एचेवेरी,
ज्याने अर्धा नेवाडा मेंढ्यांमागे पायी तुडवला,
दुधाच्या क्रेटवर चढून स्वतःच्याच गाडीत बसतो.
बसल्यावर क्रेट वर ओढून घ्यायला
त्याने सुतळी बांधली आहे.
ती सुतळी मला बघवत नाही.

आधी माप.
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत
उजवीकडे सत्तावीस.
डावीकडे साडेसव्वीस.
पुन्हा मोजलं. टेप तीच, हात तोच, साडेसव्वीस.
सव्वीस वर्षं एकच माणूस एकाच बाजूला बसला,
पाटा तेवढा दमला, एवढंच.

चासीखाली घोड्या, ॲक्सलखाली जॅक.
यू-बोल्टांना रात्रभर तेल पाजलं होतं,
तरी तिसरा नट हटेना.
पान्ह्याला पाइप अडकवून लोंबकळले,
एक शिवी बास्कमध्ये, दोन स्पॅनिशमध्ये.
तिसऱ्या शिवीला तो करकरला,
आमच्या कुरणाच्या फाटकासारखा.

जॅक हळूहळू सोडला.
ॲक्सल पाट्यापासून सुटला आणि त्या फटीतून
पांढरी खारी धूळ माझ्या कपाळावर सांडली,
कुठल्या उन्हाळ्याची कोण जाणे.
ठोकळा हातात आला. वजनाला थेट नुकतं जन्मलेलं कोकरू.
खालच्या अंगाला पेयोने खिळ्याने कोरलेलं, ‘पुढे’,
आणि शेजारी एक बाण.
कुणी उलटा बसवू नये म्हणून.
मी तो लगेच खाली ठेवला नाही.

वर्ला कुंपणावरून म्हणाली,
डावे पाटे उजवीकडे टाक, उजवे डावीकडे,
तिरकेपणा जाईल.
बरोबर होतं तिचं. पण साडेचार वाजले होते,
शॅकलचे बोल्ट गंजून एकजीव झालेले,
आणि गोठ्यात दोन मेंढ्या विण्याच्या बेतात.
आळस म्हणा.
दुसरं काही म्हणायचं असेल तर तेही म्हणा.

जुने यू-बोल्ट परत वापरायचे नसतात,
एकदा ताणलेलं लोखंड पुन्हा तसं धरत नाही.
नवे घेतले, आखूड. ॲक्सल वर चढवला,
मधली खुंटी भोक चाचपत राहिली, चाचपत राहिली,
मग टक.
चाकांवर वजन येऊ दिलं, नट फुलीच्या क्रमाने आवळले,
थोडा हा, थोडा तो,
खांदा ‘पुरे’ म्हणेपर्यंत आणि त्यानंतर जरासे.

तेवीस.
साडेबावीस.

तो आला. आधी क्रेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
माझ्या कपाळावरच्या पांढऱ्याकडे.
पाय उचलला, ठेवला, बसला.
एवढंच. जसं काही रोज बसतो.
काचेतून बराच वेळ सांता रोझाकडे बघत राहिला,
बर्फ अजून खांद्यांवर होतं तिच्या.
“डोंगर वाढलेत,” म्हणाला,
आणि गिअर टाकला.

पन्नास मैल झाले की नट पुन्हा आवळायचेत!
मी मागून ओरडले.
धूळ उडाली. गाडी जरा डावीकडे कलून
फाटकातून बाहेर पडली.
क्रेट अंगणात, सुतळीसकट.