उपाशीपोटी

पहाटे साडेपाच. गोळी घेतली.
आता अर्धा तास चहा नाही.
वडगावात अजून एकच माग सुरू झालाय,
तिसऱ्या गल्लीत, कामकरांचा,
त्याची खटखट भिंतीतून येते
आणि मी ओट्याशी उभी. पातेल्यात पाणी, गॅस बंद.

हा अर्धा तास माझा.
यात काही करायचं नाही,
असा अर्थ मी माझ्यापुरता काढलाय.

दोन वर्षं अशीच उभी होते.
तेव्हा गोळी नव्हती, कारणही नव्हतं.
मे महिन्यात स्वेटर घालून कांड्या भरायची.
सूत तुटलं की हात आपसूक जायचा गाठ मारायला,
त्या दिवसांत हाताच्या आणि सुताच्या मधे
एक लांबच लांब गल्ली यायची
आणि मी गल्लीच्या या टोकाला.

नणंद म्हणाली, आळस भरलाय अंगात.
शेजारच्या नीलव्वानं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या.
परशराम काही म्हणाला नाही,
जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला.
ते जास्त लागलं.

आवाज घोगरा झाला. केस फणीत राहिले.
आई जाऊन तेव्हा तीनच महिने झालेले,
सगळ्यांना वाटलं, दुःख आहे, ओसरेल.
मलाही तेच वाटलं.
खरं दुःखाला एवढी थंडी वाजते काय?

पाय सुजले म्हणून नेलं, मन सुजलं म्हणून नव्हे.
हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर दोन बोटं ठेवली,
म्हणाल्या, नुंग्री.
गिळा.
गिळलं. दोन वर्षं तेच तर करत होते.

रिपोर्टावर नाव कानडीत,
आकडा मात्र कुणालाही वाचता येईल असा:
टीएसएच शहाऐंशी. पाचाच्या आत पाहिजे म्हणे.
परशरामानं दोनदा वाचला,
मग बाहेर रिक्षाची वाट बघताना म्हणाला,
व्होल्टेज डाऊन गे.
मोटर फिरते, धोटा जातो-येतो, लुगडं पण निघतं,
खरं बल्बात नुसती लाल तार.
आणि तोंड फिरवून बराच वेळ
रिक्षा नसलेल्या बाजूला बघत राहिला.

सहा महिन्यांनी आकडा तीन.
स्वेटर ट्रंकेत. कांड्या पहिल्यासारख्या पळतात.
खरं एखादी सकाळ अजून तशीच येते,
विनाकारण, पदर ओला करून जाते.
मी विचारलं, बाई, मग ते रडणं
ग्रंथीचं होतं का आईचं?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
म्हणाल्या, दोन्हीचं असेल. मधे रेघ मारता येत नाही.
आणि दुसरी चिठ्ठी लिहिली, मनाच्या डॉक्टरांची, गुरुवारची.

रेघ! बेळगावात बसून रेघ म्हणाल्या.
मला हसू आलं, मग त्यांनाही.
रेघेपायी इथं काय काय होऊन गेलंय,
आणि नीलव्वा अजून कानडीत साखर मागते,
मी मराठीत वाटी भरते.

गुरुवारी गेले. आता रात्रीची एक वेगळी गोळी आहे,
तिच्याबद्दल नणंदेला सांगितलेलं नाही.

पाच बावन्न.
भिंतीवर आईचा फोटो, बोरमाळ घातलेला.
माळ गळ्यापाशी जराशी वर उचललेली दिसते,
खाली काहीतरी असल्यासारखी.
आम्ही म्हणायचो, आईचा गळाच भरलेला.
दुपारभर सूप मांडीवर घेऊन बसायची,
तांदूळ तसेच, बोटं तशीच,
आणि आम्ही म्हणायचो, तिचा स्वभावच थंड.

अर्पिता उठली. चहा? म्हणते.
आठ मिनिटं, म्हणते मी.
ती तांब्या वर धरून घटाघटा पाणी पिते,
मान मागे टाकून,
आणि मी तिचा गळा बघते,
वर जाणारा, खाली येणारा,
पुन्हा वर.