नवांची पेटी

लॉफलिनला, नदीकाठच्या कसिनोत
सव्वीस वर्षं पाटीवरचे आकडे बदलले डेलबर्टनं.
लांब काठी, टोकाला रबरी वाटी,
खाली खोक्यात अक्षरं.
नवांची मात्र वेगळी पेटी:
स्टेक-अंडी तीन नव्व्याण्णव, रात्री अकरानंतर.
खोली एकोणीस. पार्किंग फुकट.
फुकटला आकडाच लागत नसे,
त्याचं त्याला कोण सुख.

शिफ्ट संपली की मारिव्हिक प्लेट आदळायची पुढ्यात,
"जिंकलास का काही?"
तो आयुष्यात कधी खेळला नव्हता.
"हे काय," म्हणायचा, सुरी चालवत.

मग स्टेक सहा नव्व्याण्णव झाला.
नऊ पालथा घातला की सहा होतो,
नवीन काही मागवावं लागलं नाही.
मग बावीस. मग पार्किंगला पंधरा.
आणि खोलीवर रिसॉर्ट फी,
ती पाटीवर लावायची नाही, असं वरून आलं.

यंदा पाटीच उतरवली.
पडद्यावर एक बाई हसते आता,
भाव सांगत नाही.
कॉफीशॉपच्या दारावर कुणा शेफची सही,
मारिव्हिक नदीपल्याड, बुलहेडला,
औषधांच्या दुकानात गल्ल्यावर.

पेटी डेलबर्टनं घरी आणली.
ट्रेलर चौदा नंबरचा,
तरी दारावर एक नऊ ठोकला.
वाळवंटातल्या वाऱ्यानं वरचा खिळा उपटला,
आकडा गर्रकन फिरून
उलटा लोंबकळत राहिला.

नवा पोस्टमन खालून ओरडतो,
सहा की नऊ?

चौदा, म्हणतो डेलबर्ट.