धरला तर फाऊल

त्या फोटोत मी हवेत आहे.
वेणी उडालेली, तोंड वेडंवाकडं,
उजवा हात बॉलपर्यंत नुकता पोचतोय.
डाव्या कडेला आणखी दोन हात, मनगटापर्यंत.
पुढचं छापखान्याने कापलं.
ते हात यमुना इंगळेचे.

तिचे वडील हजिऱ्याच्या मिलमध्ये फिटर.
पहिल्या पाळीचा भोंगा झाला की यमू भिंतीपाशी,
शंभर वेळा भिंतीवर, शंभर वेळा डोक्यावर,
मग आईने हाक मारेपर्यंत कितीही.
नेट नव्हतं. दाल बाजारातली सुतळी
दोन कडुनिंबांना ताणून तिच्यावर फाटकं लुगडं टाकलेलं.
खालून पलीकडच्या पोरांचे फक्त पाय दिसत.
पायांवरून मला कळतं कोण उडणार, ती म्हणायची,
आणि खरंच कळायचं.

मुरारच्या छावणीतून हवालदार तोमर येत,
पहाटे, सायकलवर, मफलरमधून नुसत्या मिशा.
जानेवारीत लष्करात धुकं असं
की वर गेलेला बॉल दिसायचाच नाही,
कुठे उतरेल ते पाठ असावं लागे.
"पकड़ना मत, बिटिया. पकड़ा तो फाउल."
पापणी लवते तेवढाच वेळ बोटांशी,
आणि तेवढ्यातच ठरवायचं, कुणाला द्यायचा.

मला द्यायची ती. बहुतेक मलाच.
माझी उडी कमी पडत असली तर एक वीत खाली,
आदल्या रात्री मी रडले असले तर जरा सावकाश.
मी कधी सांगितलं नव्हतं.
तिने कधी विचारलं नव्हतं.

जबलपूरची फायनल. पाचवा सेट, चौदा-तेरा.
दुसऱ्या सेटमध्येच तिचा अंगठा मोडला होता
हे आम्हाला रात्री कळलं,
गजकाचा डबा तिला उघडेना तेव्हा.
त्या अंगठ्याने तिने बॉल वर ठेवला
आणि मी मारला. तोच हा फोटो.

पुढे तीही गाजली, माझ्याहून जास्त.
कप्तान झाली, ब्लेझर घालून परदेशी गेली.
बाड्यावरून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली,
वडील गर्दीत मागे उभे, पाळी संपवून तसेच आलेले,
तेलाचे हात पाठीशी लपवून.

मग सव्वीस वर्षं रेल्वेची तिकीट खिडकी.
अर्धगोलातून नुसते हात यायचे.
सुट्टे परत करताना ती बोटांच्या टोकांनीच सरकवायची,
तळहात लागू द्यायची नाही.
हातावरून कळतं गं, एकदा म्हणाली,
परत यायचंय की नाही.

मिल बंद पडली. वडील गेले. वर्षभरात आई.
शिवपुरीचं एक स्थळ आलं होतं, बरं होतं,
तेही गेलं.
मी चिडून म्हटलं, काहीतरी धरून ठेव की बाई!
ती माझ्याकडे अशी बघत राहिली
जसं मी नेटला हात लावलाय.

गेल्या महिन्यात तिचा सत्कार झाला.
लाकडी जमीन, थंडगार हॉल, कुणाच्याच पायाला माती नाही.
शाल, नारळ, आणि दोन शब्द बोला म्हणाले.
ती उठली. माईक उंच होता, तो खाली केला नाही.
"बॉल माझ्यापाशी कधी फार वेळ राहिलाच नाही.
काय सांगू?"
आणि बसली.
टाळ्या वाजवाव्या की थांबावं, लोकांना कळेना.

परतताना टेंपोत, नारळ मांडीवर, अचानक विचारते,
त्या फोटोत माझा अंगठा दिसतो का गं?

घरी आले. चष्मा शोधला. फ्रेम खिळ्यावरून काढली,
भिंतीवर मागे पांढरा चौकोन.
पन्नास वर्षं या फोटोत मी मलाच बघत आले.

दिसतो, यमू.
बाहेरच्या बाजूला वळलेला, सुजलेला.
आणि हात अजून वरच आहेत,
बॉल जाऊन किती वेळ झाला तरी.
उद्या सकाळी येते सांगायला.